वस्त्राची पूर्वतयारी : एक अलक्षित इतिहास



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी इतिहासाचे पहिले धडे गिरवले, त्याच शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा मोठा गौरव समजते. हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ आहे, त्यांना शाळेत कोणी नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. आपल्या सर्वांच्या दृष्टीने त्या ‘शिवणाच्या बाई’ होत्या. आजही मी त्यांचा उल्लेख त्याच नावाने करणार आहे.

इतिहासाच्या अध्यापनात जिचे आयुष्य गेले तिने धारेत येऊन राजा भोजाविषयी, पवारांच्या राज्याविषयी किंवा मांडूच्या महालांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र कापडाविषयी बोलणार आहे. तेही कापडावरच्या नक्षीविषयी नव्हे, तर नक्षी उमटण्यापूर्वी कापडाचे जे काही करावे लागते त्याविषयी. हा विषय मला बाईंनी दिला. फळ्यावर विषय लिहून दिला असे नव्हे. यंत्रावरील भरतकामाच्या तासाला त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असे : ‘‘कापड तयार आहे का?’’ आम्ही मुली फुलापानांचे खाके, रंगीत रिळे घेऊन सज्ज असू. कापड तयार नसे. मग तो सगळा तास धुण्यात आणि इस्त्री करण्यात जाई, आणि आमची मने खट्टू होत.

बाईंच्या दृष्टीने ‘तयार’ म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. बाजारातून आणलेल्या कोऱ्या सुती कापडात खळ असते. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना ती लावलेली असते. त्या खळीमुळे कापड भरीव आणि ताठ दिसते. पण हा ताठपणा उसना असतो. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते, धागे आखडतात आणि कापड आटते. त्यावर काढलेले भरतकाम मात्र त्याच प्रमाणात आटत नाही. परिणामी फुलाभोवती चुण्या पडतात. म्हणून कापड आधी रात्रभर भिजवायचे, धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करायची, हा बाईंचा पहिला नियम होता.

दुसरा नियम धाग्याच्या दिशेचा. कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांवर स्थिर असते. उरेब दिशेने ते ताणले जाते. रिंगेत कापड बसवताना अनेक जणी कडा धरून तिरके ओढत. त्या क्षणी कापड नगाऱ्यासारखे ताठ दिसे. परंतु रिंग काढली की ताणलेले धागे पूर्वस्थितीला येत आणि गोल काढलेले फूल लांबोडके होई. हातभरतात लहान रिंग कापडाखाली असते. यंत्रावर हा क्रम उलटा. मोठी रिंग खाली ठेवून त्यावर कापड पसरायचे आणि लहान रिंग वरून दाबायची. म्हणजे कापड रिंगेच्या तळाशी राहते आणि यंत्राच्या पाटाला टेकते. आतल्या रिंगेला सुती नाडी गुंडाळली की कापड घसरत नाही.

तिसरा नियम आधाराचा. तलम कापडाखाली मलमलीचा किंवा ऑर्गंडीचा तुकडा, तोही धुतलेला, टाचून घ्यावयाचा. तो नसेल तर साधा कागद. वर्तमानपत्राचा कागद बाईंच्या वर्गात निषिद्ध होता. त्याची शाई कापडाला लागते. सैल विणीच्या कापडाला कांजी देऊन तात्पुरता ताठपणा आणायचा आणि काम संपल्यावर ती धुऊन टाकायची. येथे एक विसंगती दिसेल : आधी कापडातली खळ काढायची आणि नंतर आपणच कांजी द्यायची! एका मुलीने ही शंका विचारली, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘गिरणीने दिलेली खळ कापड विकण्यासाठी असते. आपली कांजी त्यावर काम करण्यासाठी आहे.’’

या नियमांमागचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. पायाने चालवायच्या यंत्रावर भरतकाम करताना कापड पुढे सरकवणारे दाते झाकावे वा खाली घ्यावे लागतात आणि दाबपट्टी काढून टाकावी लागते. तिचा दांडा मात्र खाली करायचा असतो, नाहीतर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही. एरवी कापड धरून ठेवण्याचे काम दाबपट्टी करते. ती गेली की सुई वर येताना कापडालाही बरोबर उचलते. दोऱ्याचा फास नीट पडत नाही आणि टाका सुटतो. शिवाय दाट भरणीचा प्रत्येक टाका दोन्ही कडांना एकमेकींकडे खेचतो. असे शेकडो टाके पडले की त्यांचे बळ कापडापेक्षा मोठे ठरते. तेव्हा ज्या कापडाला आतून वा खालून आधार नाही, ते आकसणारच.

हे सारे मी आज समजून सांगू शकते. त्या वयात मला ते पटले नव्हते. नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एक कापडी फलक भरण्याचे काम माझ्याकडे आले. दिवस थोडे होते. कोरे कापड धुण्यात दोन दिवस जातील म्हणून मी ते तसेच रिंगेत चढवले, आणि खाली आधारही घेतला नाही. बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. संमेलनाच्या दिवशी फलक सुरेख दिसला. माझे कौतुकही झाले. पुढे तो धुतला गेला आणि अक्षरांभोवतीचे सगळे कापड गोळा झाले; सरळ काढलेली ओळ चढउतारांची झाली. मी रडले. बाईंनी मला दोष दिला नाही. त्यांनी तो फलक घडी करून कपाटात ठेवला, आणि पुढे प्रत्येक वर्षी नव्या मुलींना तो उलटा करून, मागच्या बाजूने दाखवला. माझे नाव मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. शाळेच्या तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी शिवणवर्गाचे नमुने मोजले आणि सहामाहीत काम फार थोडे झाले असा अभिप्राय दिला. धुलाई, इस्त्री, अस्तर यांसाठी नोंदवहीत रकानाच नव्हता. तयार नमुना तेवढा मोजला जाई. बाईंनी काही उत्तर दिले नाही. परंतु त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. जे काम नोंदवहीत बसत नाही, ते पुढे इतिहासातही बसत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा तोच आहे.

यंत्रावरील भरतकामाचा जो इतिहास ग्रंथांतून आढळतो, तो सुईचा आणि चाकांचा इतिहास आहे. १८२८ मध्ये फ्रान्समधील म्युलूझ येथे जोश्वे हाइलमान यांनी अनेक सुयांचे भरतयंत्र तयार केले. १८५१ मध्ये अमेरिकेत आयझॅक सिंगर यांना त्यांच्या शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली यांनी धोट्यावर चालणारे भरतयंत्र शोधले. धोट्याचा आकार होडीसारखा म्हणून त्याला ‘शिफ्ली’, म्हणजे लहान होडी, असे नाव पडले. आपल्याकडे घरगुती शिवणयंत्र इतके आपलेसे झाले की, यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली.

हा सगळा इतिहास खरा आहे; पण अपुरा आहे. हाइलमानच्या यंत्रात कापड उभ्या चौकटीवर ताणून बसवलेले असे आणि ती चौकट नक्षीबरहुकूम हलवली जाई. म्हणजे सुया कितीही असोत, सारा भरवसा कापडाच्या ताणावर होता. हे तत्त्व यंत्राच्याही फार पूर्वीचे आहे. आपल्याकडील जरदोजीचे कारागीर लाकडी अड्ड्यावर कापड चारी बाजूंनी ताणून मगच सुई हाती घेतात. स्वित्झर्लंडमध्येच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक चमत्कारिक प्रकार निघाला. रेशमी कापडावर सुती दोऱ्याने दाट भरत काढायचे आणि मग खालचे रेशीम रसायनाने विरघळवून टाकायचे. उरते ती निव्वळ जाळी. आज त्यासाठी पाण्यात विरघळणारे कृत्रिम अस्तर मिळते. नक्षी उरते आणि तिला उभे करणारे वस्त्र नाहीसे होते! पूर्वतयारीच्या इतिहासाचे जे झाले, त्याचे याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही.

कोणी म्हणेल, या परदेशच्या गोष्टी झाल्या. आमच्या धारेचा याच्याशी काय संबंध? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, येथून सुमारे शंभर किलोमीटरवर, बाग या गावी आहे. तेथे यंत्र नाही आणि भरतकामही नाही; तेथे ठशांची छपाई होते. परंतु अलंकरणापूर्वी वस्त्र सिद्ध करण्याचे शास्त्र तेथे जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. मी शिक्षिका झाल्यावर एका हिवाळ्यात बाईंबरोबर तेथे गेले होते.

प्रथम आम्ही लेणी पाहिली. विंध्याच्या दक्षिण उतारावर, बाघिनी नदीच्या काठी वालुकाश्मात कोरलेली ही बौद्ध लेणी. मूळची नऊ; त्यांतील पाच कशीबशी टिकली. संस्थानी काळात बाग हे धारेत नव्हे, ग्वाल्हेरच्या राज्यात होते. १९२१ च्या सुमारास ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकारांकडून येथील भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. त्या खात्याची धुरा तेव्हा गर्दे या मराठी संशोधकांकडे होती. चित्रे काढण्यापूर्वी भिंतीवर तांबूस, भरड मातीचा जाड गिलावा दिलेला होता. त्यावर चुन्याचा थर. आणि त्यावर रंग. आम्ही गेलो तेव्हा ओलीने गिलावा सुटत होता, आणि गिलाव्याबरोबर चित्र जात होते. १९८२ मध्ये उरलेली बहुतेक चित्रे भिंतीवरून सोडवून काढण्यात आली. ती ग्वाल्हेरच्या संग्रहालयात आहेत. त्या दिवशी बाई बराच वेळ चित्राकडे नव्हे, तर उघड्या पडलेल्या गिलाव्याकडे पाहत उभ्या होत्या. ‘‘खालचे अस्तर गेले,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

तेथून आम्ही नदीवर आलो. बागची छपाई आज ज्यांच्यामुळे जगभर माहीत आहे, ते खत्री कारागीर. त्यांचे पूर्वज सिंधमधील लारकाना भागातून राजस्थानमार्गे मनावरला आले आणि तेथून गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात काही कुटुंबे बागला येऊन स्थिरावली, असे त्यांच्यात सांगतात. नदीचे वाहते पाणी हे बाग निवडण्याचे मोठे कारण होते. भिल्ल आणि भिलाला स्त्रियांची लुगडी ही या छपाईची जुनी गिऱ्हाइकी.

त्यांची पद्धत थोडक्यात अशी. कोरे कापड प्रथम पाण्यात भिजवून आपटून धुतात. म्हणजे खळ जाते. मग खारे मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात ते तुडवतात, मुरत ठेवतात, वाळवतात आणि पुन्हा धुतात. हे एकदा करून भागत नाही, पुन्हापुन्हा करतात. तेल आणि क्षार धाग्यात मुरून तो मऊ होतो आणि पुढे रंग धरण्यास योग्य होतो. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यात बुडवले की कापड पिवळसर दिसू लागते. हिरड्यात तुरट द्रव्य असते. लोहाशी संयोग झाला की ते काळे पडते. येथवर कापडावर एकही ठसा उमटलेला नसतो, पण कितीतरी दिवस गेलेले असतात.

मग ठसे. लालसाठी तुरटी आणि काळ्यासाठी हिराकस, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत कालवलेली. ठसा मारलेले कापड काही दिवस तसेच ठेवतात आणि नंतर वाहत्या नदीत ‘विछालना’ करतात. आपल्या मराठीतले ‘विसळणे’च ते. येथे पाणी वाहतेच हवे. धाग्याला न चिकटलेली तुरटी आणि हिराकस पाण्याबरोबर पुढे वाहून गेली पाहिजेत; पाणी साचलेले असेल, तर ती पुन्हा कापडावर बसतात आणि पांढऱ्या जागेवर डाग पडतात. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन आणि धायटीची फुले घालून कापड काही तास उकळतात. तुरटीचा ठसा तेव्हा लाल होतो. एके काळी हे लाल द्रव्य वनस्पतींच्या मुळांतून मिळे. १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेब आणि लीबरमान यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. रंग बदलला, पण खारा, हिरडा आणि नदी या तीन गोष्टी सुटल्या नाहीत. यावरून या कलेचा कणा कोठे आहे, ते ध्यानात यावे.

बाईंनी तेथल्या एका वृद्ध कारागिराला विचारले, ‘‘बिघडलेला माल कशाने बिघडतो?’’ ते म्हणाले, ‘‘बाईसाहेब, ठप्पा चुकला तर तो डोळ्यांना लगेच दिसतो. धुलाई चुकली तर भट्टीत गेल्यावर कळते. तोवर महिना गेलेला असतो.’’ परतीच्या प्रवासात बाई मला म्हणाल्या, ‘‘तुझ्या फलकाचेही तसेच झाले.’’ इतक्या वर्षांत त्या प्रसंगाचा त्यांनी केलेला हा एकमेव उल्लेख.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळते. संग्रहालयात एखादे वस्त्र मांडले जाते, तेव्हा खालच्या चिठ्ठीवर नक्षीचे नाव असते. फार तर ठसे मारणाऱ्याचे वा विणणाऱ्याचे नाव असते. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कापड आपटणाऱ्याचे नाव नसते. त्याची कारणे दोन आहेत. एक, पूर्वतयारी चांगली झाली की ती दिसेनाशी होते. ती दिसते फक्त बिघडल्यावर. दुसरे, ही कामे बहुधा घरातल्या स्त्रियांकडे, मुलांकडे आणि रोजंदारीवरच्या माणसांकडे असतात, आणि त्यांना ‘कलावंत’ म्हणण्याची आपल्याला सवय नाही. इतिहासकारही या सवयीतून मुक्त नाहीत. मीही नव्हते.

तथापि प्राचीनांना याची जाण होती, असे मानण्यास एक आधार आहे. बागच्या दुसऱ्या लेण्यात साफसफाई करताना माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला. त्यातील दान हे केवळ पूजेसाठी नाही. विहाराच्या मोडक्यातोडक्या भागाच्या दुरुस्तीचीही त्यात तरतूद आहे. चित्रे कोणी काढली, हे आपल्याला ठाऊक नाही. पण भिंत नीट राहावी म्हणून कोणी गाव तोडून दिले, ते तांब्यावर कोरलेले आहे. आपल्या तपासणीच्या नोंदवहीत जो रकाना नव्हता, तो त्या ताम्रपटात होता, असे मला म्हणावेसे वाटते.

आजची परिस्थिती काय आहे? संगणकावर चालणारी भरतयंत्रे आता लहान गावांतही आली आहेत. नक्षी काही मिनिटांत निघते. आधारासाठी फाडून काढायचे, कापून काढायचे, इस्त्रीने चिकटणारे, पाण्यात विरघळणारे असे नाना प्रकारचे अस्तर बाजारात मिळते. ही सोय स्वागतार्ह आहे. बाई असत्या तर त्यांनी प्रत्येकाचा तुकडा आणून वर्गात भिजवून पाहिला असता. परंतु यंत्र कितीही शहाणे झाले, तरी ताणलेला बनियनचा कपडा कापून काढायच्या अस्तराविना टिकणार नाही, आणि टॉवेलच्या लवीत टाके बुडू नयेत म्हणून वरूनही पातळ पापुद्रा ठेवावाच लागेल. कोणत्या कापडाला कोणता आधार, हा निर्णय अजून माणसाच्या बोटांनाच करावा लागतो.

आपल्या जिल्ह्यात बदनावर तहसिलीतील भैंसोला येथे १७ सप्टेंबर २०२५ रोजी ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली. येथील मुलामुलींना उद्या कापडाच्या उद्योगात काम मिळेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. त्यांना यंत्राची कळ दाबायला कोणीही शिकवील. कापड ओळखायला मात्र शाळेने शिकवावे. आणि बागच्या कलेचा अभिमान बाळगताना हेही ध्यानी ठेवावे की, नदी आटली तर सर्वांत आधी थांबेल तो ठसा नव्हे, धुलाईचा घाट. नदी हाही त्या वस्त्राच्या तयारीचाच भाग आहे.

माझ्या शाळेकडे दोन विनंत्या आहेत. शिवणाचा तास वेळापत्रकातून गेला आहे, हे मी जाणते. तो पूर्ववत करणे शक्य नसेल, तर वर्षातून निदान एक आठवडा मुलामुलींना, दोघांनाही, कोरे कापड धुणे, त्याचा उभा-आडवा धागा ओळखणे आणि रिंगेत सरळ बसवणे शिकवावे. एकही फूल काढले नाही तरी चालेल. दुसरी विनंती अशी की, शाळेच्या शतकमहोत्सवी अथवा अन्य कोणत्याही इतिहासात बाईंच्या नमुन्यांची संख्या देऊ नये. ती थोडीच भरेल. त्यांच्या हाताखालून गेलेल्या किती घरांत आजही नवे कापड आधी भिजवले जाते, एवढे माजी विद्यार्थिनींना विचारावे.

बाई निवृत्त होताना कपाटातला तो फलक त्यांनी माझ्या हवाली केला होता. आज तो मी बरोबर आणला आहे. तो बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, आणि मागची बाजू वर ठेवली आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी अवश्य पाहावा. ते काम कोणाचे होते, हे बाईंनी कोणालाही सांगितले नाही. ते आज मी सांगून टाकले आहे. बाईंच्या स्मृतीला माझे अभिवादन एवढेच.